किडनीच्या आजाराचं लेकरू आणि फ्लूची सुई: द्यावी की थांबावं?

मांजराकाठची | ११ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी लोणच्या-पापडाच्या धाग्यांवरच दिसते. आज जरा वेगळं विचारायचंय.

आमचा धाकटा सहा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी डोळे सुजून उठला. काहीतरी चावलं असेल म्हणून सासूबाईंनी थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या. चार दिवसांत पाय, पोट सगळं टम्म झालं, चड्डीचं इलॅस्टिक रुतायला लागलं. लातूरला नेलं तर नेफ्रोटिक सिंड्रोम निघालं. किडनीच्या चाळणीतून प्रथिनं गळून जातात, असं डॉक्टरांनी समजावलं. तेव्हापासून चार वेळा आजार उलटलाय. त्यातल्या तीन वेळा आधी साधी सर्दी झाली होती.

रोज सकाळची पहिली लघवी परीक्षानळीत उकळून बघते. पाणी नितळ राहिलं की चहा गोड लागतो. दूध फाटल्यासारखं पांढरं दिसलं की त्या दिवशी स्वयंपाकात मीठ पडलं का नाही तेसुद्धा आठवत नाही. लघवीत प्रथिनं किती गेली त्याची रोजची वही आहे: निल म्हणजे काही नाही, ट्रेस म्हणजे किंचित, मग एक प्लस, दोन प्लस असं चढत. सलग तीन दिवस तीन प्लस आलं की उलटलं समजायचं आणि स्टेरॉइड पुन्हा रोज सुरू. सध्या एक दिवसाआड गोळी चालू आहे, दोन महिने वही निल आहे.

आता पेच असा. संभाजीनगरचे किडनीचे डॉक्टर म्हणतात, पावसाळ्याआधी फ्लूची लस द्याच. गावातले डॉक्टर, ज्यांच्याकडे रात्री दोनलाही जाता येतं, ते म्हणतात स्टेरॉइड चालू असताना कुठलीच लस नको. सासूबाई म्हणतात निजलेल्या नागाला कामून डिवचायलाव. नवरा म्हणतो तू ठरव. म्हणजे उद्या उलटलं तर माझ्या नावावर.

जूनच्या मध्यात शाळा उघडेल. ज्यांची लेकरं अशा मोठ्या आजारातून जायलेत, त्यांनी काय केलं ते सांगा. "डॉक्टरांना विचारा" हे कृपा करून सांगू नका, दोघांनाही विचारून झालंय.

पारावरचा | ११ मे, रात्री ११:२०

ताई, माझं ऐका तर देऊ नका. आमच्या गावात एकाला लस दिली अन् दुसऱ्याच दिवशी तोच फ्लू झाला. लशीतच जंतू असतात. आधीच नाजूक लेकरू. हळद-दूध द्या, गुळवेल द्या. आपल्या लहानपणी कुठं होत्या ह्या लशी?

खडूफळा | १२ मे, सकाळी ७:०५

पारावरचे दादा, आपल्या लहानपणी नेफ्रोटिकची लेकरं मोठीही होत नव्हती हो. माझा चुलतभाऊ त्यातलाच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवतो. एका खोलीत अडतीस लेकरं. पावसाळ्यात दोन कोपरे गळतात, मग सगळी उरलेल्या जागेत दाटीवाटीनं. जुलैत एक खोकायला लागलं की आठवड्यात निम्मा वर्ग खोकतो आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात मी. लस द्यावी का नाही हे मला कळत नाही. पण शाळेत लेकरू सांभाळून राहील ही आशा धरू नका, एवढं आतून सांगतो.

गोदाकाठचा_बाप | १२ मे, दुपारी १:४०

ताई, मी नांदेडचा. माझी मुलगी नऊ वर्षांची, रक्ताचा कर्करोग, एएलएल. आता मेंटेनन्समध्ये आहे म्हणजे घरी रोज गोळ्या आणि महिन्याला तपासणी. आमच्याकडं हा प्रश्न दोनदा आला, दोन्ही वेळा उत्तर वेगळं मिळालं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी केमो जोरात चालू होती. तेव्हा मीच हट्ट धरला होता की लस द्या. डॉक्टरांनी ऐकलं नाही. म्हणाले, लशीनं त्रास होईल म्हणून नव्हे, आत्ता तिच्या शरीरात लशीला उत्तर द्यायला पेशीच नाहीत. सुई वाया जाईल आणि तुम्ही मात्र निर्धास्त व्हाल. हे निर्धास्त होण्याचं मला तोवर सुचलंच नव्हतं. त्याऐवजी घरातल्या आम्हा सगळ्यांना घ्यायला लावली. मी, बायको, आई, वडील, भाऊ, वहिनी, त्यांचा चार वर्षांचा बंट्या. सात जण. त्या महिन्याचा सोयाबीनच्या खताचा पैसा तिकडं गेला, खोटं कशाला बोलू. वडील म्हणाले, आजारी ती अन् सुया आम्हाला? पण घेतली.

दुसऱ्या वर्षी मेंटेनन्स सुरू झाल्यावर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी बऱ्या असलेला आठवडा बघून तिला दिली. त्याच दिवशी प्लेटलेटही पाहिल्या होत्या, कारण स्नायूत सुई म्हणजे प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं. बारीक सुई, नंतर पाच मिनिटं नुसतं दाबून धरलं, चोळायचं नाही. रात्री ९९.८ ताप. तुम्हाला ते किरकोळ वाटेल. आमच्याकडं १००.४च्या वर गेला की थेट दवाखाना, अँटिबायोटिकची सलाइन, दोन-चार दिवस भरती. रात्रभर थर्मामीटर घेऊन बसलो. सकाळी उतरला.

म्हणजे "लस द्यावी का" यापेक्षा "कोणत्या आठवड्यात द्यावी" हा आमचा खरा प्रश्न होता. तुमचाही तोच असावा असं वाटतं.

मांजराकाठची | १२ मे, दुपारी ३:१५

दादा, वाचून डोळे भरून आले. लेकीला खूप आशीर्वाद. दोन महिने वही निल आहे, म्हणजे आमचा आठवडा हाच, असं म्हणायचंय ना तुम्हाला?

परभणीची_बालरोग | १२ मे, रात्री ९:३०

इथं वाचकच असते, पण दोन डॉक्टरांच्या मधे आई अडकलीये म्हणून लिहिते. तुमच्या लेकराला मी तपासलेलं नाही, हे धरून वाचा.

गावातले डॉक्टर पूर्ण चूक नाहीत, त्यांनी दोन वेगळ्या लशी एका पोत्यात घातल्या एवढंच. लशी ढोबळमानानं दोन जातीच्या. एकीत जिवंत पण अशक्त केलेला जंतू असतो: गोवर, कांजिण्या, नाकात फवारायची फ्लूची लस. मूल रोज किलोमागे २ मिलिग्रॅम किंवा एकूण २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे हेच स्टेरॉइड, दोन आठवडे वा जास्त घेत असेल, तर या जिवंत लशी थांबवतात. दुसरीत मारलेल्या विषाणूचे नुसते तुकडे असतात. सुईनं देतात ती फ्लूची लस या जातीची. तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही, वाढायला जिवंत काही नसतंच. स्टेरॉइड चालू असताना ती देता येते. फार तर परिणाम कमी मिळतो.

पारावरच्या काकांच्या गावचा माणूस खोटं बोलत नसणार. लशीनंतर अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. त्या काळात बाहेरून फ्लू लागू शकतो. शिवाय पावसाळ्यात सर्दी-तापाचे डझनभर विषाणू फिरतात आणि ही लस फक्त फ्लूची आहे.

आता उलटण्याबद्दल. फ्लूच्या लशीनंतर नेफ्रोटिक उलटल्याच्या तुरळक नोंदी आहेत, नाही म्हणणार नाही. पण लस घेतलेल्या मुलांत उलटण्याचं प्रमाण वाढलं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. याउलट साध्या सर्दी-पडशानंतर आजार उलटतो हे प्रत्येक किडनीतज्ज्ञ रोज बघतो. तुमच्याच वहीत चारातले तीन तसे आहेत. सासूबाईंना सांगा, नाग निजलेला असतो तो पावसाळ्यापर्यंतच.

२०१५ साली देशात स्वाइन फ्लूचे ४२ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ३ हजार दगावले. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते, आमचा वॉर्ड अजून आठवतो. तो विषाणू कुठं गेला नाही. तो आता दरवर्षीच्या नेहमीच्या फ्लूतलाच एक झालाय आणि दरवर्षीच्या लशीत त्याचा वाटा असतोच.

लस किती राखते? जुळणी चांगली जमली त्या वर्षी साधारण ४० ते ६० टक्के. कमी वाटतं ना? अमेरिकेत २०१० ते २०१४ मधल्या मुलांच्या फ्लू-मृत्यूंचा अभ्यास झाला. आधीपासून मोठा आजार असलेल्या मुलांत लशीनं मृत्यूचा धोका ५१ टक्क्यांनी कमी दिसला, धडधाकट मुलांत ६५ टक्क्यांनी. आजारी मुलांत लस थोडी उणी पडते, पण गमावण्यासारखं त्यांच्याकडंच जास्त असतं. मी तरी देते.

शेवंती_बीड | १३ मे, सकाळी ११:१०

सगळे देऊन टाका म्हणायलेत, म्हणून माझंही लिहिते. आवडणार नाही कुणाला.

माझा मुलगा जन्मतः मेंदूला मार लागलेला. फिट्स आहेत, गोळ्या चालू. दोन वर्षांचा असताना फ्लूची लस दिली, त्याच दिवशी न्यूमोनियाचीही. दोन मांड्यांत दोन सुया. संध्याकाळी १०२ ताप अन् रात्री फिट. वीस मिनिटं. रिक्षा मिळेना, मालवाहू टेम्पोत घालून नेलं. त्या दवाखान्यात मला म्हणाले, लशीचा काही संबंध नाही बाई, योगायोग आहे. मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मी त्या रात्रीपासून कुठल्याच लशीवर विश्वास ठेवत नाही. दर वेळी योगायोग आमच्याच घरी का होतो?

परभणीची_बालरोग | १३ मे, दुपारी २:२५

शेवंतीताई, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. लशीचा संबंध नाही असं तुम्हाला सांगायला नको होतं. फ्लू आणि न्यूमोनियाची लस एकाच दिवशी दिली तर लहान मुलांत ताप नि तापाची फिट येण्याची शक्यता किंचित वाढते, हे नोंदलेलं आहे. शक्यता छोटीच राहते, पण आधीच फिट्स असलेल्या मुलाच्या आईला ते आधी सांगायला हवं होतं. घरात तापाचं औषध आणि नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा तयार ठेवायला सांगायला हवं होतं. दोन लशी दोन आठवड्यांच्या अंतरानं देता आल्या असत्या.

या लशीचा इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही, तोही लिहून टाकते. १९७६ साली अमेरिकेत घाईघाईनं स्वाइन फ्लूची लस चार कोटींवर लोकांना दिली. सुमारे लाखात एकाला गियाँ-बारे झाला, म्हणजे हातापायातली ताकद जाण्याचा आजार. मोहीम थांबवावी लागली. आताच्या लशींत तो जादा धोका दहा लाखांत एक-दोन इतका मानतात, आणि खुद्द फ्लू झाल्यावरही तो आजार होऊ शकतो. २०१० साली ऑस्ट्रेलियात एका कंपनीच्या लशीनं पाच वर्षांखालच्या मुलांना ताप नि फिट्स येण्याचं प्रमाण एकदम चढलं. एप्रिलमध्येच त्या वयाचं लसीकरण तिथं रोखलं. नंतर कळलं की त्या लशीत विषाणूचे तुकडे पुरेसे बारीक झाले नव्हते. तुमच्यासारख्या आयांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या म्हणून ते सापडलं. तुमच्या लेकराची नोंद झाली होती का? लशीनंतरच्या त्रासाचा एईएफआय नावाचा सरकारी फॉर्म असतो, खासगी दवाखान्यानंही तो भरायचा असतो.

आणि एक जड गोष्ट. २००९च्या साथीत अमेरिकेत दगावलेल्या ज्या ३३६ मुलांच्या जुन्या आजारांची माहिती मिळाली, त्यातल्या १४६ जणांना मेंदू-मज्जासंस्थेचा काही ना काही विकार होता. नीट खोकता येत नाही, कफ बाहेर पडत नाही, म्हणून. तुमच्या मुलासारख्या मुलांच्या बाबतीत लशीला जितकं घाबरावं, त्याहून फ्लूला जास्त. हे मी तुम्हाला पटवायला लिहीत नाहीये. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला विचारात घेऊन बोललं तर बोला, एवढंच.

शेवंती_बीड | १३ मे, सायंकाळी ६:४८

फॉर्मचं कुणी सांगितलंच नाही. पहिल्यांदा कुणी "संबंध असू शकतो" म्हणालं. रडले थोडी. बाकी नंतर लिहीन.

जालन्याचं_लोखंड | १४ मे, रात्री ८:१२

आमची केस वेगळी, पण कुणाला उपयोगी पडेल. मुलीला चौथ्या वर्षी कावासाकी नावाचा रक्तवाहिन्या सुजण्याचा आजार झाला, हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगल्या, म्हणून अ‍ॅस्पिरिन चालू आहे. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या मुलाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर रे सिंड्रोम नावाची भानगड होऊ शकते, मेंदू आणि यकृत दोन्हीला धोका. म्हणून आमच्या हृदयवाल्या डॉक्टरांनी विचारायलासुद्धा जागा ठेवली नाही. "अ‍ॅस्पिरिनच्या चिठ्ठीबरोबर फ्लूची लस" असं फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून दिलंय. अन् घरातल्या सगळ्यांना दम: सर्दीतापाला मनानं कुठलीही गोळी द्यायची नाही. किराणा दुकानातल्या डोकेदुखीच्या पुड्यांतही अ‍ॅस्पिरिन असू शकतं, हे आम्हाला तेव्हाच कळलं. आजी त्याच पुड्या वाटायच्या.

अवांतर: पारावरचे काका, गुळवेलाचंही जपून. किडनीच्या लेकराला झाडपाला देऊ नका, उपकार होतील.

पारावरचा | १४ मे, रात्री ९:०१

बरं बाबा, गुळवेल मागं घेतो. हळद-दूध तरी ठेवू द्या.

मेडिकलवाला_उदगीर | १५ मे, सकाळी १०:३०

औषध दुकानदाराच्या बाजूनं थोडं. लस द्यायची ठरली तरी ती जिवंत... म्हणजे चांगली असायला पाहिजे ना.

फ्लूची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. गोठली तर संपली, परत वितळवून उपयोग नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं. त्यामुळं घेताना सरळ विचारा: फ्रिजला इन्व्हर्टर आहे का? थर्मामीटर आत आहे का? डबा फ्रिजच्या दारात ठेवलाय का, का बर्फाच्या कप्प्याला चिकटून? विचारल्यावर जो दुकानदार चिडेल त्याच्याकडून घेऊ नका. मी चिडत नाही, पण विचारणारे वर्षात तीन-चारच येतात.

लोक लस घेऊन खिशात टाकतात अन् एसटीनं गावाकडं निघतात. मे महिना, ४३ अंश. तसं करू नका. शक्यतो ज्या दवाखान्यात टोचायची, तिथंच मागवा. न्यायचीच असली तर बर्फाच्या थैल्यांचा डबा, पण लस अन् बर्फ यांच्यात कापडाची घडी.

डब्यावर कुठल्या वर्षाची आहे ते बघा. दरवर्षी विषाणू बदलतो तशी लस बदलते. एप्रिल-मेच्या सुमाराला येते ती दक्षिण गोलार्धाच्या जुळणीची, डब्यावर एसएच असं लिहिलेलं असतं. आपला फ्लू पावसाळ्यात जोर धरतो म्हणून ती कामाची. आधीच्या हंगामातली उरलेली कुणी स्वस्तात देत असेल तर नको. पूर्वी चार विषाणूंची लस होती, आता तिनाची आली तर फसवणूक समजू नका. चौथा बी-यामागाता २०२०च्या मार्चनंतर कुठंच सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनंच तो वगळायला सांगितलं.

किंमत? कंपनीप्रमाणं हजार-दीड हजार, वरही जाते. मला कमिशन मिळतं हे आधीच सांगतो, नंतर कुणी म्हणायला नको.

डोंगरकिन्हीची_आशा | १५ मे, रात्री १०:१५

मी आशा आहे. इथं लिहू का नको करत होते.

ही लस सरकारच्या नेहमीच्या बाळ-लसीकरणात नाही. आम्ही गोवर, पोलिओ, पेंटा असं घरोघर नेतो, पण फ्लूची कुणी विचारली तर आमच्याकडं उत्तर नसतं. माझ्या वस्तीवर दोन थॅलेसेमियाची, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागतं त्या आजाराची, लेकरं आहेत, एकाचं प्लीहा काढलेलं. त्याची आई ऊसतोडीला जाते. दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतात ते चैत्रात परत. फडावर पालात झोपायचं, थंडीत, धुरात. फ्लूचा दुसरा छोटा हंगाम जानेवारी ते मार्च म्हणतात, तेव्हा ते लेकरू कर्नाटकात कुठल्या तरी फडावर असतं.

डॉक्टर मॅडम, पहिल्यांदा घेणाऱ्याला दोन डोस लागतात ना? एक महिन्यानं दुसरा? तो एक महिना त्यांच्याकडं असतो कुठं. अन् तीन हजार रुपये म्हणजे किती टन ऊस तोडायचा, ते तुम्हीच मांडा.

परभणीची_बालरोग | १६ मे, सकाळी ८:००

आशाताई, बरोबर. सहा महिने ते नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, पुढं दरवर्षी एक. नऊच्या पुढं पहिल्यापासून एकच. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना, आयएपी, सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्याच मुलांना दरवर्षी द्या म्हणते आणि मोठा आजार असेल तर पाचानंतरही. पण ते शिफारस करतात, पैसे देत नाहीत.

त्या कुटुंबासाठी मेच्या शेवटी पहिला आणि जूनअखेर दुसरा बसतो, तेव्हा ते गावातच असतात. एकच जमला तरी एक द्या, वाया नाही जात. प्लीहा काढलेल्या मुलाला मात्र न्यूमोनियाच्या लशीचं आधी बघा, त्याला फ्लूपेक्षा तो जंतू जास्त नडतो. खर्चासाठी थॅलेसेमियाच्या डे-केअरमध्ये विचारा, काही ठिकाणी देणगीतून सोय होते. हमी देत नाही.

आणि ज्यांना लस मिळालीच नाही त्यांच्यासाठी: अशा लेकराला अचानक ताप, अंग मोडून येणं, खोकला झाला तर "व्हायरल आहे, तीन दिवस बघू" करू नका. फ्लूचं औषध, ओसेल्टामिविर, पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर खरं काम करतं. आजाराचा कागद घेऊन त्याच दिवशी जा. श्वास जोरात, ओठ काळसर, लघवी कमी, लेकरू मलूल, यातलं एक दिसलं तरी रात्र काढायची नाही.

मांजराकाठची | १८ मे, रात्री ११:३५

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. गोदाकाठच्या दादांचं ऐकताना त्या उठून आत गेल्या, मग बाहेर येऊन म्हणाल्या, "मला बी देतेत का ती सुई?" त्यांना दमा आहे.

गावातल्या डॉक्टरांकडं परत गेले. भांडायला नाही. जिवंत नि मेलेल्या लशीचं विचारलं. त्यांनी फोनवर संभाजीनगरच्या डॉक्टरांशी माझ्यासमोरच बोलणं केलं. ठेवल्यावर म्हणाले, "मी कांजिण्यांच्या लशीचं धरून बोललो होतो." मोठा माणूस. कांजिण्यांची गोळ्या पूर्ण सुटल्यावर बघू असं ठरलं.

परवा सोमवारी देतोय. आधी लघवी, वजन, ताप बघून.

गोदाकाठचा_बाप | १९ मे, सकाळी ६:५०

सोमवार नको ताई, जमलं तर मंगळवार-बुधवार घ्या. आपल्याकडं सोमवारी सगळ्या ओपीडी तुंबलेल्या, खोकणाऱ्या लेकरांत दोन तास बसावं लागेल. अन् शुक्रवार-शनिवारही नको, ताप आला तर रविवारी कुणी भेटत नाही.

खडूफळा | १९ मे, सकाळी ७:३०

+१. हे डॉक्टरांना सुचलं नसतं.

मांजराकाठची | ९ जून, रात्री १०:०५

राहून गेलं होतं कळवायचं. मंगळवारी दिली. सासूबाई, मी, नवरा, मोठी मुलगी, सगळ्यांनीच घेतली. नवऱ्यानं सुई बघितल्यावर डोळे मिटले, लेकरानं मिटले नाहीत.

रात्री अंग कोमट, ९९. दंड दोन दिवस दुखला. तिसऱ्या दिवशी वहीत ट्रेस. चौथ्या दिवशी एक प्लस. आता लिहिताना हात स्थिर आहे, तेव्हा नव्हता. नवरा काही बोलला नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. शेवंतीताई, त्या रात्री तुमचीच आठवण आली. पाचव्या दिवशी परत ट्रेस, मग निल. आजवर निल आहे. लशीनं झालं, का आदल्या दिवशी लग्नात जेवला त्यानं, का नुसतंच, कोण सांगणार. डॉक्टर म्हणाले वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी बघू.

दुसरा डोस बावीस जूनच्या आठवड्यात.

शेवंती_बीड | १० जून, दुपारी १२:२०

वाचलं. मी अजून ठरवलं नाही. घरातल्या चौघांनी मात्र घेतली, त्याला सोडून. सध्या एवढंच जमलं. फॉर्मचं विचारायला गेले होते, म्हणाले जुनी तारीख आहे. तरी अर्ज देऊन पोच घेतली.

परभणीची_बालरोग | १० जून, दुपारी ३:४०

शेवंतीताई, त्याच्याभोवतीचे चौघं झाले हे पुष्कळ आहे. पोच जपून ठेवा.

नवीन_सभासद_औसा | १२ जून, रात्री ९:१७

माझा पुतण्या, नेफ्रोटिकच, पण त्याला महिन्यापूर्वी रिटुक्सिमॅबची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, सलाइन दिलीये. त्यालाही आत्ताच द्यावी का? आणि औश्यात इन्व्हर्टरवाला मेडिकल कुणाला माहीत आहे का?

परभणीची_बालरोग | १२ जून, रात्री ९:५०

रिटुक्सिमॅबनंतर साधारण सहा महिने लशीला शरीर फारसं उत्तर देत नाही. त्याच्या किडनीच्या डॉक्टरांना तारीख सांगून विचारा, आणि तोवर घरातल्या सगळ्यांना द्या.

मेडिकलवाला_उदगीर | १३ जून, सकाळी ९:०५

औश्याचं विचारून सांगतो. दुपारी फोन करतो एकाला.